गाडीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंग बदलल्या त्याचा अनुभव (अख्खा पावसाळा काढल्यानंतर)

दिवाळीनंतर पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंग बदलल्या, आता एक उन्हाळा आणि पुरा पावसाळा त्यांच्यावर गेलाय, त्यामुळे खात्रीने सांगतो की खर्च वसूल झाला. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, राहायला रत्नागिरी, कोल्हापूरला येणंजाणं आंबा घाटातून, आणि तो रस्ता चौपदरीकरणात कसा झाला होता ते त्या बाजूला फिरणाऱ्याला सांगायला नको.

मूळ तक्रार स्प्रिंगची नव्हतीच, टायरची होती. पुढचं डावं टायर आतल्या कडेने खात होतं. बाहेरून बघाल तर नक्षी एकदम मस्त, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून मागून हात घातला की आतली कड गुळगुळीत. अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) दोनदा करून घेतलं, दोन्ही वेळा टो (वरून बघितलं तर चाकं पुढे आत की बाहेर वळलीत तो कोन) हिरव्यात, म्हणजे हद्दीत, आणून दिला, कागद हातात, पैसे दिले, आणि टायर खायचं काही थांबेना. त्याच कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक वरून आत-बाहेर किती कललंय तो कोन) लाल, म्हणजे हद्दीबाहेर, होता, त्याबद्दल विचारलं तर उत्तर आलं की या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही. ते खरंच आहे, पुढे बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त टो फिरवता येतो, पण मग एकाच बाजूचा कॅम्बर बिघडला कशाने हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा ना. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, एकत्र असलेला खांब) वाकलाय नाहीतर स्प्रिंग दबून खाली गेलीय, बहुधा यातलंच काहीतरी असतं, आणि ते मशीन सांगत नाही, गाडीखाली जाऊन बघावं लागतं.

माझ्या केसमध्ये उलगडा झाला तो साध्या मेजरिंग टेपने. सपाट जागा, स्टिअरिंग सरळ, डिकी रिकामी, आणि चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत माप घ्यायचं. जमिनीपासून घेऊ नका, कारण टायरमधली हवा आणि झीज त्यात येते. आणि गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर आधी थोडी पुढेमागे चालवा, नाहीतर सस्पेन्शन वरच अडकून राहतं आणि माप खोटं येतं. डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ 20 मिमी खाली निघाली. शिवाय उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की टण्ण असा आवाज यायचा, तो मी स्ट्रट माउंटिंगचा (स्ट्रट वर बॉडीला जोडणाऱ्या भागाचा) धरून चाललो होतो आणि तशी शंका घेणं रास्तच आहे, माउंटिंग आणि तुटकी स्प्रिंग दोन्हीचा आवाज सारखाच येतो. मेकॅनिकने चाक काढलं, बॅटरी मारून बघितलं, तर स्प्रिंग खाली ज्या वाटीत टेकते त्या सीटवरचा शेवटचा वेढा तुटलेला. तुकडा तिथेच चिखलात रुतून बसलेला. त्या सीटमध्ये पाणी जायला भोक असतं, ते तांबड्या मातीने बुजलं होतं, त्यात आपली समुद्राची खारी हवा, वरचा रंग उडाला की गंज आत शिरतो आणि मग एखाद्या खड्ड्यात स्प्रिंग तिथूनच जाते.

हे वाचून नुसतं टायर वाचवायचं बघू नका, यात जिवाचा धोका आहे. स्ट्रटची ती सीट टायरच्या अगदी जवळ असते, तुटलेलं टोक सरकलं तर टायरची आतली भिंत फाडतं, घाटात उतारावर असं झालं तर काय होईल याचा विचारही नको. माझ्या टायरच्या आतल्या भिंतीवर घासल्याची रेघ दिसत होती, म्हणून मधली नक्षी शिल्लक असूनही ते टायर फेकून दिलं. भिंतीला कापलं असेल किंवा फुगा आला असेल तर आतले दोरे गेलेले असतात, त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.

आता नव्या स्प्रिंगबद्दल. जोडीनेच बदला, एक नवी एक जुनी असं केलं की उंची परत वेगळी येते. पार्ट चॅसी नंबर देऊन मागवला, कारण एकाच मॉडेलमध्ये इंजिनप्रमाणे स्प्रिंग वेगळ्या असतात. दोन्ही स्प्रिंग आणि मजुरी मिळून साधारण एका बऱ्या टायरचा खर्च आला. हे काम घरी करू नका, स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर नीट लागला नाही तर दाबलेली स्प्रिंग जिवावर उठेल. नंतर अलाइनमेंट केलं तर कॅम्बर आपोआप हद्दीत आला. सुरुवातीला पुढचा भाग जरा उचललेला आणि कडक वाटला, काही आठवड्यांत बसला. नवीन टायरची आतली-बाहेरची नक्षी खोलीमापकाने बघतोय, दोन्हीकडे सारखीच उतरतेय, आणि ब्रेक मारल्यावर गाडीची डावीकडे झुकायची सवयही गेली.

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर घालून उंची वाढवायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, मला तो अजिबात पटत नाही. रबराने ते दोन वेढे जाम होतात, स्प्रिंगचा तेवढा भाग काम करायचा थांबतो आणि भार बाकीच्यांवर जातो. तुटलेला वेढा तर त्याने जोडला जाणार नाहीच.

टायर आतून खाल्लेलं नसेल पण हात फिरवल्यावर खालीवर उंचवटे लागत असतील तर शॉकअप बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोचरं लागत असेल तर टो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे नक्षी असेल तर हवा कमी ठेवली जातेय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन टायरं आपापसात बदलून बघा (बाण असलेली नसतील तर), ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा.

एकच कमी राहिली. स्ट्रट खोललेला असताना वरचं माउंटिंग आणि बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यायला हवं, मजुरी तीच पडते. माझ्याकडे जुनंच बसवलं गेलं आणि पावसात उजवीकडून बारीक कुरकुर सुरू झालीय, म्हणजे तोच स्ट्रट परत उतरवणं आलं. तेव्हा त्या सीटचं भोकही साफ करून घेईन.