सेकिरो की एल्डन रिंग?

लालबागच्या आमच्या खोलीत टीव्ही माझ्या वाट्याला येतो तो सगळे झोपल्यावर. कानाला हेडफोन लावायचा, दिवा बंद. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचे हे दोन्ही व्हिडिओ गेम अवघड, पण अवघडपणाची जात वेगळी.

'एल्डन रिंग' (२०२२) वाट अडवून धरत नाही. सुरुवातीचा मोठा शत्रू मार्गिट हरत नाही? घोडा वळवा, इतरत्र भटका, शत्रू मारून मिळणारे रून्स जमवून पात्राची लेव्हल वाढवा, मदतीला आत्मे बोलवा आणि परत या. नवख्याला मी हाच देईन.

माझा जीव मात्र 'सेकिरो'वर (२०१९). तिथे रून्स जमवून लेव्हल वाढवायची सोयच नाही. शत्रूचा वार पोहोचतो नेमक्या त्या क्षणी बटण दाबायचं. ठिणगी उडते, ठण्ण आवाज येतो, त्याचा तोल थोडा ढळतो. गेनिचिरो नावाच्या तिथल्या मोठ्या शत्रूने मला चार रात्री लोळवलं. (पथकात ताशा शिकताना बोटं अशीच चुकायची.) पाचव्या रात्री डोकं मोजायचं थांबलं आणि ठेका हातात बसला. पात्राची ताकद होती तेवढीच होती, सुधारलो होतो मी. हा आनंद मला एल्डन रिंगने इतका निखळ कधी दिला नाही.