बोट लागू नये म्हणून: आलेपाक की गोळी?

साताऱ्याहून मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी निघालेल्या माणसाची पहिली परीक्षा समुद्रात नव्हे, तर फोंडा घाटात होते. गाडी लागणे आणि बोट लागणे यांचे मूळ एकच आहे: आपण हलत असल्याचे अंतर्कर्ण सांगत असतो आणि जवळच्या वस्तूंवर खिळलेल्या नजरेला मात्र सारे स्थिर भासते. म्हणून ज्याला घाटात उमासे येतात, त्याने बोटीचा विचार घरूनच करून निघावे.

आपला सातारा जिल्हा आल्याच्या पिकाचा, त्यामुळे आलेपाक सहज मिळतो. त्याने गुंगी येत नाही आणि पाण्याखाली उतरणाऱ्याला हा गुण फार मोलाचा आहे. परंतु त्याचा परिणाम सौम्य असतो. मला तो घाटापुरता पुरला, नांगर टाकून डोलत उभ्या असलेल्या बोटीवर मात्र पुरला नाही.

गोळ्यांमध्ये ॲव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, अधिक प्रभावी आहे. पण तिने डोळ्यांवर झापड येते. एसटीत ही झोप चालते, बुडी मारताना चालत नाही, कारण खोल पाण्यात नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीत औषधाच्या गुंगीची भर पडू शकते. मेक्लिझिनने तुलनेने कमी झोप येते, म्हणून बोट हमखास लागणाऱ्यासाठी माझा कौल तिला आहे. मात्र काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे, आणि इतरांनीही एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन किती झोप येते ते पाहावे. गोळी बोटीत चढण्याच्या किमान तासभर आधी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर पोटाचे काम मंदावते. उलटीसाठी घरात ठेवलेली ऑन्डॅनसेट्रॉन प्रवासाच्या मळमळीवर फारशी लागू पडत नाही. मळमळ थांबावी म्हणून मनगटावर बांधायच्या दाबपट्ट्याने अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर जाऊ नये.

कोणताही उपाय निवडला, तरी बोटीच्या मध्यभागी, डिझेलच्या धुरापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. लाटांचा जोर पृष्ठभागावर अधिक असल्याने खाली गेल्यावर पुष्कळांना बरे वाटते. मात्र वरच उलट्या सुरू झाल्या असतील, तर पैसे भरलेले असले तरी उतरू नये. पाण्याखाली उलटी आलीच, तर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग, काढू नये. त्यातूनच उलटी होऊ द्यावी, पुढचा श्वास घेण्याआधी त्यावरचे बटण दाबून तो साफ करावा आणि प्रशिक्षकाला खूण करावी.