एडिटिंगसाठी ग्राफिक कार्ड लागतं का? आय फाइव्ह १२४०० वर बिनकार्डाचे आठ महिने

मी कोथरूडला घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, प्रीमियरवर (ॲडोबीचं एडिटिंग सॉफ्टवेअर). गेल्या सीझनला लॅपटॉपने हात टेकले तेव्हा नवीन पीसी असेंबल करायचं ठरलं. आनंदनगरला मेट्रो पकडली, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरलो (तिकडे गाडी नेणाऱ्याने गाडी लावायलाच अर्धा दिवस धरावा) आणि एका दुकानात शिरलो. त्याने पाच मिनिटांत कोटेशन हातात ठेवलं, इंटेलचा आय फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर आणि त्यावर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड. म्हणे "एडिटिंग म्हणताय ना साहेब, मग कार्डाशिवाय पान हलत नाही." कॅमेरा कुठला, फाइल कसली, काही नाही. मीही मान डोलावली, फक्त ॲडव्हान्स द्यायचा राहिला होता.

रात्री एका एडिटर मित्राला कोटेशन पाठवलं तर त्याचा उलटा सवाल, "एफ कशाला घेतोयस बाबा?" एफवाल्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं आतलं ग्राफिक्स बंद असतं, थोडा स्वस्त मिळतो म्हणून दुकानदार तोच लावतात. पण त्या आतल्या ग्राफिक्ससोबतच क्विक सिंक येतं, म्हणजे कॅमेऱ्याची फाइल उलगडणारं वेगळं हार्डवेअर, आणि माझं सगळं घोडं तिथेच अडलेलं. आमचा मेन कॅमेरा सोनी ए सेव्हन फोर, शूट ४के ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम), सोनीच्या एक्सएव्हीसी एचएस फॉरमॅटमध्ये, म्हणजे एच२६५ कॉम्प्रेशन, टेन बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार). अकराव्या पिढीपासूनचं इंटेल ग्राफिक्स हे डिकोड करतं, म्हणजे उलगडतं. ३०६० करत नाही, ४०६० पण नाही, एनव्हिडियात ते ५० सिरीजपासून आलं. म्हणजे दुकानदाराच्या कोटेशनमध्ये जास्त पैसे घालून मी नेमकं माझंच फुटेज नीट न चालणारी मशीन घरी आणली असती!

मग साधा १२४०० घेतला, कार्ड नाही. रॅम मात्र १६ जीबीची एक स्टिक न घेता भांडून ८च्या दोन घेतल्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन स्टिकने त्याला वाट मोठी मिळते. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा, उद्या कार्ड लावावं लागलंच तर. बिल जीएसटीचंच घ्या, "बिलाशिवाय कमी करतो" ऐकून वॉरंटीवर पाणी सोडू नका.

आता चालतं कसं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जाऊन जीपीयू (म्हणजे ग्राफिक्सची चिप) उघडा, तिथे व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख असतो. हळदीची क्लिप प्ले केली की तो वर चढतो आणि सीपीयू निवांत असतो, कटिंग, साधं ल्युमेट्री (प्रीमियरमधलं कलर करेक्शन), टायटल, सगळं लोण्यासारखं. पण आमचा दुसरा कॅमेरावाला ५०पीला फ्रेम क्रॉप होते म्हणून २५पीला एक्सएव्हीसी एस वर शूट करतो, तेही ४:२:२च पण एच२६४. हा प्रकार क्विक सिंक घेत नाही, आलेख जमिनीला चिकटलेला आणि सीपीयूच्या पंख्याचा नुसता घरघराट, मग त्या क्लिपांच्या रात्री प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉपी) करायला लावून झोपायचं. कार्ड असतं तरी हे सुटलं नसतं (५० सिरीज सोडून), म्हणून त्याबद्दल मशीनला दोष देत नाही.

खरा दम निघाला तो दा विंची रिझॉल्व्हवर, म्हणजे दुसऱ्या एका एडिटिंग सॉफ्टवेअरवर. एका संगीतचं फुटेज इतकं अंधारात काढलेलं की नॉइज रिडक्शनशिवाय (अंधारातले दाणे काढल्याशिवाय) पर्याय नव्हता, आणि रिझॉल्व्ह जवळजवळ सगळं जीपीयूवर करतं. दोन नोड (इफेक्टचे टप्पे) झाले की जीपीयूची मेमरी संपली असा मेसेज, की बसा. तेव्हा मामेभावाचं ३०६० मागून आणलं, १२ जीबीवालं, मामीने परीक्षेपुरतं त्याचं गेमिंग बंद केलं होतं म्हणून मिळालं. रिझॉल्व्ह पळायला लागलं, रात्रभराचं काम जेवण होईपर्यंत उरकलं.

आणि गंमत म्हणजे प्रीमियरमध्ये इतके दिवस मऊसूत चालणारी हळद अडकायला लागली. कार्ड लावल्यावर मदरबोर्डने आतलं ग्राफिक्स आपोआप बंद केलं होतं! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी मॉनिटर चालू केलं, आयजीपीयू म्हणजे तेच आतलं ग्राफिक्स, प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलवर टिक आहे ना ते बघितलं, रिस्टार्ट मारला, मग दोघं गुण्यागोविंदाने नांदायला लागले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एक अख्खा रविवार गेला.

मला विचाराल तर प्रीमियरवर कट आणि साधा कलर एवढंच काम असेल तर कार्डाचे पैसे एसएसडीत आणि रॅममध्ये घाला, एफ मात्र चुकूनही नको. रिझॉल्व्ह, नॉइज रिडक्शन, थरावर थर इफेक्ट असतील तर कार्ड हवंच, आणि आज नवीन घ्यायचं झालं तर मी ४:२:२साठी ५० सिरीजच बघेन, ५०६०ला ८ जीबीच मेमरी आहे हे माहीत असून. सध्या बजेट नाही. मामेभावाची परीक्षा संपलीये, शनिवारी कार्ड न्यायला येतोय, तोवर संगीतच्या उरलेल्या दोन क्लिपा रेंडरला टाकून ठेवल्यात.