झाडाची उंची मोजायला काठी, मोबाइल की लेझर?

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या झाडांची उंची मोजायची असेल, तर साधन निवडण्याआधी झाड ओळखा. आसोपालव सरळसोट वाढतो, त्याचा शेंडा बहुधा बुंध्याच्या बरोबर वर असतो. वडाचं तसं नाही. पारंब्यांचे खांब झाले की मूळ बुंधा कुठला हेच कळेनासं होतं, आणि सर्वांत उंच डहाळी भलतीकडेच असते.

काठीची रीत फुकटची. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी हात लांब करून उभी धरायची आणि ती झाडाला बरोबर झाकेल इतकं मागे सरकायचं. झाडापासून आपलं जेवढं अंतर, तेवढी त्याची उंची. आसोपालव, नीलगिरी यांना एवढं पुरतं. विश्वामित्रीच्या काठाशी मात्र वर बघत मागे सरकू नका, नदीत मगरी आहेत.

मोबाइलवरचं कोन मोजणारं ॲप वापरायला सोपं, पण चूक काठीचीच करतं. बुंध्याचं अंतर गुणिले कोनाचा टॅन, अधिक डोळ्याची उंची, हे त्याचं गणित. शेंडा बुंध्याच्या थेट वर आहे असं ते गृहीत धरतं. समजा, बुंधा 20 मीटरवर आहे आणि तुमच्याकडे 8 मीटर पुढे आलेली फांदी 45 अंशात दिसते. ती डोळ्यापासून 12 मीटरच उंच असते. हिशेब मात्र 20 सांगतो. वडाच्या उंचीचे फुगलेले आकडे असेच तयार होतात.

लेझर थेट डहाळीपर्यंतचं तिरकं अंतर देतं. त्याला कोनाच्या साइनने गुणून डोळ्याची उंची मिळवली की बुंध्याच्या अंतराचा प्रश्नच उरत नाही. चुकलंच तर माप सहसा कमी येतं, कारण खरा शेंडा हुकलेला असतो. म्हणून चहूबाजूंनी पाच-सहा डहाळ्या मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा. बांधकामावरचं लाल ठिपक्याचं लेझर घेऊ नका, उन्हात ठिपका दिसत नाही. गोल्फवाले वापरतात तसं दुर्बिणीसारखं यंत्र हवं. ते महाग पडतं, तेव्हा चौघांत मिळून घ्या.

शेंडा हेरायला उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीनंतर, झाडांत अडकून राहिलेले पतंग फार कामाला येतात. एका बाजूने अगदी टोकावर वाटलेला पतंग पलीकडून पाहिला, तर मधल्याच फांदीवर निघाला होता. तेव्हापासून पतंगाची खूण धरून मी झाडाला पूर्ण फेरी मारल्याशिवाय मोजत नाही.

पिंपळ मोजायचा असेल तर पानगळ झाल्यावर, नवी पालवी फुटायच्या आत मोजा.