घरगुती २४ अंड्यांचं उबवणी यंत्र: वापरून झाल्यावर

घरी हौसेने कोंबड्या पाळणारे बरेच जण मला विचारतात, की हे छोटं इन्क्युबेटर घ्यावं का. नुसती चार-आठ पिल्लं हवी असतील आणि खुराड्यात एखादी भरवशाची खुडूक कोंबडी असेल, तर नका घेऊ. ती अंडी उबवते, दिवसातून कितीतरी वेळा चोचीने फिरवते, पिल्लं निघाली की पंखाखाली घेते आणि काय टिपायचं तेही शिकवते. हे सगळं करणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

माझी गरज वेगळी होती. मी कोंबड्यांची जात शुद्ध राखते. कुठल्या तलंगेची (तरुण कोंबडीची) अंडी, कुठल्या कोंबड्याखाली, हे वहीत लिहून ठेवते आणि पुढच्या पिढीसाठी निवड करते. खुडूक कोंबडी आपल्या वेळेला बसते, माझ्या नाही. शिवाय ती बसली की अंडी देणं थांबवते, आणि मला जिची पिल्लं हवी असतात तीच बसली तर त्या मोसमातली तिची अंडी गेली. भरपूर अंडी देणाऱ्या जातींमध्ये तर खुडूक होण्याचा गुणच निवडीतून मागे पडलेला असतो. अशा कोंबड्यांची वीण पुढे न्यायची तर यंत्र लागतंच, आणि त्यासाठी हे यंत्र मला मनापासून आवडलं आहे. मात्र डबा उघडून, अंडी मांडून, बटण दाबून मोकळं व्हायचं असेल तर निराशा होईल.

आधी वस्तूबद्दल. खाली प्लॅस्टिकचं तळ, त्यात पाण्याच्या दोन पन्हळी, वर जाळी, जाळीवर अंडी सरकवणारी चौकट, आणि पारदर्शक झाकणात हीटर, पंखा, सेन्सर. तापमान, आर्द्रता आणि उरलेले दिवस पडद्यावर दिसतात. पाणी बाहेरूनच नळीने भरता येतं. ही सोय किरकोळ वाटेल, पण शेवटच्या तीन दिवसांत तिचं मोल कळतं. वीज गेली आणि परत आली तर माझ्या यंत्राला आधीचं तापमान आठवतं. विकत घेताना हे दुकानदाराला चालू-बंद करून दाखवायला सांगा. काही यंत्रं कारखान्यातल्या आकड्यावर परत जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

जाहिरातीत २४ अंडी म्हटलंय ती लहान अंडी. मोठ्या अंगाच्या जातीची अंडी असतील तर १८ धरा. जास्त कोंबली तर ती चौकटीत अडकतात, फिरत नाहीत, आणि चौकटीची मोटर कण्हायला लागते.

आता तापमान, कारण सगळं इथेच घडतं किंवा बिघडतं. पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांसाठी ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस लागतं. पडद्यावर ३७.७ दिसतं, आणि लोक तिथेच समाधान मानतात. तो आकडा सेन्सर जिथे बसवलाय त्या जागेचा आहे. सेन्सर झाकणात, अंडी खाली. मी वेगळा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर, आधी मधोमध आणि मग चारी कोपऱ्यांत ठेवून पाहिला. पंख्यासमोरचा कोपरा गरम निघाला, त्याच्या तिरपा कोपरा थंड, आणि दोन्हींत अर्ध्या अंशाहून जास्त फरक. म्हणून आता टॉर्चने तपासायला अंडी बाहेर काढली की परत ठेवताना कोपऱ्यातली मध्ये आणि मधली कोपऱ्यात अशी अदलाबदल करते. तुमचा थर्मामीटर तरी खरा आहे का, हे बघायला तो आणि ताप मोजायचा थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरा. ताप मोजणारा याच पट्ट्यात सगळ्यात नेमका असतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो.

अर्धा अंश म्हणजे काही नाही असं वाटणाऱ्यांसाठी: सतत थोडं थंड राहिलं तर पिल्लं एक-दोन दिवस उशिरा, मरगळलेली निघतात, आणि थोडं गरम राहिलं तर लवकर, नाभी नीट न मिटलेली. गारव्यापेक्षा उष्णता जास्त घातक. काही तास वीज गेली तर अंडी बहुधा तग धरतात, कारण कोंबडीसुद्धा रोज थोडा वेळ खाण्यापिण्यासाठी घरट्यावरून उठतेच. झाकण बंद ठेवा, वरून जाड कापड टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा आणि वीज आली की कापड आधी काढा. यंत्र उन्हात किंवा खिडकीशी ठेवलं आणि आत ४० च्या वर गेलं, तर मात्र थोड्या वेळात सगळी फळी, म्हणजे एका वेळी ठेवलेली सगळी अंडी, हातची जाते. खोलीचं तापमान जितकं एकसारखं, तितकं हे यंत्र चांगलं चालतं. झाकणाची भिंत पातळ आहे, त्यामुळे बाहेरचा चढउतार आत जाणवतो. जाड फोमच्या यंत्रांत हा त्रास कमी, पण त्यांत आतलं दिसत नाही आणि फोम धुऊन स्वच्छ करणं अवघड.

आर्द्रतेच्या आकड्यावर तर माझा अजिबात भरवसा नाही. स्वस्त सेन्सर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात. तपासायची साधी रीत आहे: बुचात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, ते आणि आर्द्रतामापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. नाही दिसलं तर जितका फरक तितकी दुरुस्ती मनात धरायची. यंत्राचा सेन्सर पिशवीत घालता येत नाही, म्हणून असा तपासलेला छोटा मापक मी अंड्यांजवळ ठेवते आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघते.

पहिल्या १८ दिवसांत साधारण ४५ ते ५५ टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के, हे सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण आर्द्रता ठेवायची कशासाठी? कवचाच्या बारीक छिद्रांतून अंड्यातलं पाणी हळूहळू उडावं आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी हवी तेवढी मोठी व्हावी, यासाठी. पिल्लू कवच फोडण्याआधी त्याच पोकळीत पहिला श्वास घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं. जास्त उडालं तर आतला पापुद्रा कोरडा पडून त्याला आवळतो. म्हणून मी आकड्यापेक्षा वजन बघते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे ११ ते १३ टक्के उतरलेलं हवं. ठेवताना ५५ ग्रॅमचं अंडं तेव्हा ४८-४९ ग्रॅम भरायला पाहिजे, आणि सातव्या दिवशी ५२-५३. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर सगळी अंडी एकत्र तोला, म्हणजे काट्याचा फरक विरून जातो. वजन फारच कमी उतरलं असेल तर एक पन्हळ कोरडी ठेवा, फार उतरलं असेल तर दोन्ही भरा. पाण्याच्या खोलीने आर्द्रता वाढत नाही, पाण्याच्या पसरटपणाने वाढते. हे एकदा लक्षात आलं की दोन पन्हळी का दिल्यात ते समजतं. अंडी मोठी आणि कवच जाड असलेली जात, आणि पातळ कवचाची लहान अंडी, या दोघींना एकच आर्द्रता मानवत नाही. त्या वेगळ्या फळीत ठेवलेल्या बऱ्या.

फिरवण्याचं काम यंत्र उत्तम करतं आणि माझ्या मते पैसे मुख्यतः याचेच आहेत. अंडं हललं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि श्वासासाठी लागणारं रक्तवाहिन्यांचं जाळंही नीट पसरत नाही. हाताने करायचं तर दिवसातून निदान तीनदा, तेही विषम वेळा, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच कुशीवर जात नाही. यंत्र ते दर तासा-दोन तासांनी करतं आणि अठराव्या दिवशी आपोआप थांबतं. तरी एका बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती खूण जागा बदलते का ते रोज बघा. मोटर चालू असल्याचा आवाज येतो आणि अंडं जागच्या जागी घसरत असतं, असं होतं. पेन किंवा मार्कर नको, शाई कवचातून आत जाऊ शकते.

यंत्रात ठेवायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो, म्हणून त्याविषयी थोडं. अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. त्यापुढे उबवणक्षमता उतरत जाते. ती साधारण १५ ते १८ अंशांच्या थंड जागेत, निमुळतं टोक खाली करून ठेवायची. फ्रीज त्यासाठी फार थंड. धुवायची नाहीत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर धुऊन जातो आणि जंतूंना वाट मिळते. तडा गेलेलं, अगदी गोल, खूप मोठं अंडं बाजूला काढा. यंत्रात घालण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कवचावर दव धरतं. आणि कोंबडा बदलला असेल तर किमान तीन आठवडे थांबा, कारण कोंबडीच्या अंगात आधीच्या कोंबड्याचं वीर्य दोन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून अधिक, टिकतं. वंशावळ लिहिणाऱ्यांनी हे काटेकोर पाळावं. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते ही समजूत मात्र सोडून द्या. लिंग कोंबडीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, आकारावर नाही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला की जीव हरखून जातो. अजूनही दर वेळी मला तितकाच आनंद होतो. आत नुसता पिवळट उजेड असेल तर अंडं निर्बीज, आणि रक्ताचं एकच कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेलेला. अशी अंडी लगेच काढा. उबेत ती सडतात आणि फुटली तर सगळ्या फळीला संसर्ग होतो. यंत्रासोबत आलेला टॉर्च पांढऱ्या कवचाला पुरतो, गडद तपकिरी कवचाला नाही. त्यासाठी चांगला प्रखर टॉर्च वेगळा घ्या. निकाल मोजताना एकूण अंड्यांवर मोजू नका. समजा २० ठेवली, ४ निर्बीज निघाली आणि १२ पिल्लं आली, तर यंत्राचा निकाल १६ पैकी १२, म्हणजे ७५ टक्के. ती चार निर्बीज अंडी कोंबड्याच्या खात्यात जातात. अशा वेळी आठ-दहा कोंबड्यांमागे एक चपळ कोंबडा आहे का ते बघायचं. यंत्राला बोल लावून उपयोग नाही.

अठराव्या दिवशी फिरवणारी चौकट काढायची, तळाला खरखरीत जाळी घालायची (गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात), दोन्ही पन्हळी भरायच्या आणि झाकण बंद. वेगवेगळ्या कोंबड्यांची अंडी असतील तर मी जाळीचे छोटे कप्पे करते, म्हणजे कुठलं पिल्लू कुणाचं हे चुकत नाही. कवचाला पहिली चीर पडल्यावर पिल्लू बराच वेळ, कधी बारा-अठरा तास, काहीच करत नाही. ते उरलेला बलक आणि रक्त पोटात ओढून घेत असतं. या वेळी मदत करायला हात शिवशिवतात, पण झाकण उघडलं की दमट हवा बाहेर जाते आणि इतर अंड्यांतली पिल्लं पापुद्र्यात अडकतात. निघालेल्या पिल्लाला दोन दिवस बलकावर निभावता येतं, त्याला घाई नसते. हवेची भोकं मात्र या टप्प्यात पूर्ण उघडी हवीत. आर्द्रता वाढावी म्हणून ती बुजवणारे लोक आहेत, आणि नेमकं तेव्हाच पिल्लांना सगळ्यात जास्त प्राणवायू लागतो. पारदर्शक झाकण इथे कामाला येतं, जरी शेवटच्या दिवशी त्यावर वाफ धरते आणि बघण्यासाठी वाकावं लागतं.

पिल्लं सुकून फुलली की दुसरीकडे हलवायची, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांच्या उबेत, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत. ती जागा अंडी यंत्रात ठेवतानाच तयार करून ठेवा.

माझी खरी तक्रार साफसफाईची आहे. तळ, जाळी, चौकट साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतात, निर्जंतुक करून वाळवता येतात. पण पंखा आणि हीटर झाकणात पक्के बसवलेत. पिल्लांची बारीक लव आणि धूळ पंख्याच्या पात्यांवर चढते, आणि ती काढायला मऊ ब्रश आणि कापसाच्या काड्या घेऊन बसावं लागतं. ती तशीच राहिली तर पुढच्या फळीवर जंतूंसकट वारा फिरतो, आणि पंखा मंदावून कोपऱ्यांतला फरकही वाढतो. चार स्क्रू काढून पंख्याची जाळी वेगळी करता आली असती तर मी या यंत्राला काही नावं ठेवली नसती. घ्यायला जाल तेव्हा झाकण उलटं करून हेच आधी बघा, आणि पंखा व मोटर सुटी मिळते का ते विचारा, कारण सगळ्यात आधी झिजतात त्या याच दोन वस्तू.