जुन्या सागाच्या नावाखाली मला ११,१५० ला टोपी घातली, पेन बनवणाऱ्यांनी जरूर वाचा

लिहायची लाज वाटतेय पण लिहितो, कारण आपल्या बडोद्यात लेथवर पेन करणारे आता बरेच झालेत आणि मला खोटा साग विकणारा हा माणूस अजून बाजारात आहे. मी रिटायर्ड, दांडिया बाजारात राहतो, सहा वर्षं झाली सागाची पेनं करतोय. म्हणजे नवशिका नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

रियुनियनसाठी ८० पेनांची ऑर्डर आली, ४५० ला एक. तेव्हाच ओळखीतून याचा नंबर मिळाला, म्हणे रावपुऱ्यातला सयाजीरावांच्या काळातला वाडा पाडला, त्याच्या तुळया आहेत. सॅम्पलचे सहा तुकडे घरी आणून दिले. अस्सल साग! कापल्यावर तो चामड्यासारखा वास, हाताला तेलकट, एक नंबर माल. मग म्हणाला, "काका, टेन्शन नहीं लेवानुं, माप द्या, कापून सात एमएमचं भोक पण पाडून देतो, फ्री."

इथंच. इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. २४० तुकड्यांना सरळ भोक पाडायचं म्हणजे दोन दिवसांचं काम, ते कोण फुकट करतो? पण माझा खांदा दुखतो, ड्रिलवर उभं राहवत नाही, मला वाटलं देवच पावला. भोक मी पाडलं असतं तर आतला भुसा दिसला असता, वास आला असता, पहिल्याच तुकड्यात पितळ उघडं पडलं असतं. माल साग नव्हताच, दुसरंच लाकूड रंगात उकळलेलं. आणि भोक असल्यामुळेच उकळताना रंग आतून-बाहेरून दोन्हीकडनं मुरला, हे डोकं मानलं पाहिजे मेल्याचं.

एका पेनाला दोन तुकडे, म्हणजे एक जोडी लागते. १२० जोड्या, जोडी ९० प्रमाणे १०,८०० आणि टेम्पोचे ३५०. यूपीआय करताना नाव भलतंच आलं, तर म्हणे मेहुण्याचं खातं आहे. नाव वेगळं आलं की पैसे पाठवू नका, मेहुणा असो की सासरा.

भोकात पितळी नळी चिकटवायच्या आधी साग ॲसिटोननं पुसावा लागतो, तेलकट असतो, नाहीतर सुपरग्लू धरत नाही. पुसला तर फडका लाल-तपकिरी. सागाचा पिवळसर डाग येतोच हो, पण हे चक्क कोकमाचं सार! हिनं विचारलं पण, "एवढा रंग कसा सुटतोय?" मी वर तिलाच शहाणपण शिकवलं की जुनं लाकूड आहे, तेल मुरलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे सागात सिलिका असते, गाऊजची, म्हणजे लेथवर लाकूड तासायच्या हत्याराची, धार दर थोड्या वेळानं लावावी लागते. यावेळी दिवसभर एकदाही लावावी लागली नाही आणि मी खूश, की काय धार लावलीय आपण! डेडलाइन डोक्यावर होती, कोणीही असाच फसला असता असं मला अजूनही वाटतं.

पेनं दिली. मे महिना, घाम. चौथ्या दिवशी फोन, काका रिफिल लीक होतंय, पांढऱ्या शर्टाचा खिसा गेला. जाऊन बघतो तर रिफिल कोरडी ठाक, गळत होतं ते लाकूड! पॉलिशच्या पातळ थराखालनं घामानं रंग सुटत होता. ८० च्या ८० परत, घेतलेला १५,००० ॲडव्हान्सही परत केला. कीट, म्हणजे पेनाचे धातूचे सुटे भाग, ठोकून काढले तर २६ च धड निघाले, बाकी ५४ गुणिले १४०, म्हणजे ७,५६०. लाकडाचे धरून एकूण १८,७१०. शर्टाचे वेगळे, ते मागितले नाहीत त्यानं, पण तोंड लपवावं लागलं.

आता पोलीस. नाव लिहीत नाही, पण पहिल्या ठिकाणी दोन तास बसवून "आ तो सिविल मॅटर छे काका". दुसरीकडे म्हणाले गोडाऊन मकरपुऱ्याकडे म्हणता ना, मग आमची हद्द नाही. अहो, हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर घ्यावीच लागते, हे मी, एका पेन्शनरनं, त्यांना सांगायचं? तिसऱ्या फेरीत साहेब म्हणाले हा साग नाहीच याचा लॅब रिपोर्ट आणा. कुठल्या लॅबचा? ते तुम्ही बघा. मी चारसोवीस लावा म्हटलं तर हसले, ते आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. एवढी एक गोष्ट मात्र फार नीट समजावली. शेवटी अर्जावर शिक्का मिळाला, तो कपाटात आहे.

त्यानं मला ब्लॉक केलंय, पण चॅट मी डिलीट केलेलं नाही, तुम्हीही करू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मी नऊ दिवसांनी केला, उशीर झाला. आणि लाकूड अख्खं घ्या, समोर कापून घ्या, सॅम्पल त्याच्या खिशातलं नको, आपल्या हातानं ढिगातनं उचला.

परवा भाच्याच्या फोनवर त्याचा स्टेटस बघितला, नंबर नवा, फोटो तोच तुळयांचा. जूनुं लाकडुं, भोक फ्री. जोडीचा भाव आता ११०.