अपडेट अडकलेला घरचा लॅपटॉप: रीसेट करावा की आहे त्यावरच विंडोज पुन्हा बसवावं?

अपडेट बरंच पुढे जातं, लॅपटॉप रीस्टार्ट होतो, केलेले बदल मागे घेत असल्याचा संदेश येतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. इथवर आलेल्या माणसाने नेहमीचे उपाय केलेले असतात: डिस्कवर जागा केली, ट्रबलशूटर चालवला, उतरवलेली अपडेट साठवणाऱ्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदलून पाहिलं, डिझम आणि एसएफसी ही विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणारी साधनंही चालवून झाली. (डिझम ६२.३ टक्क्यांवर खूप वेळ थांबलं म्हणून बंद करू नका. साध्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर ते तिथे रेंगाळतंच.) एवढं करूनही अपडेट बसत नसेल, तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे 'रीसेट धिस पीसी', अर्थात फायली राखून. दुसरी म्हणजे विंडोजची आयएसओ फाइल (विंडोज बसवायचं सगळं साहित्य असलेली एकच मोठी फाइल) उतरवून, चालू विंडोजमध्येच तिच्यातलं सेटअप चालवायचं आणि आहे त्यावरच विंडोज पुन्हा बसवायचं. मी दोन्ही केल्या आहेत.

त्याआधी एरर कोड नीट वाचून घ्या. शेवटचे आकडे ८००७०६४३ असतील आणि अडलेलं अपडेट रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटचं (विंडोज सुरू होत नसेल तेव्हा दुरुस्तीसाठी उघडणाऱ्या छोट्या यंत्रणेचं) असेल, तर घोडं बहुधा वेगळ्याच ठिकाणी अडलेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या अशा एका अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्यासाठी राखलेल्या भागात, २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि जुन्या लॅपटॉपवर ते पार्टिशन मुळातच लहान असतं. तेवढ्यासाठी अख्खं विंडोज उपसायची गरज नाही.

रीसेटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सेटिंगमध्ये जाऊन बटण दाबायचं, पेन ड्राइव्ह लागत नाही, आणि साठलेला कचराही निघून जातो. माझ्या अनुभवात लॅपटॉप नंतर काही काळ खरोखर हलका चालतो. फक्त 'लोकल रीइन्स्टॉल' ऐवजी 'क्लाउड डाउनलोड' निवडा. लोकलमध्ये विंडोज डिस्कवर असलेल्या स्वतःच्याच फायलींतून नव्याने उभं राहतं. त्याच फायली बिघडल्यामुळे अपडेट अडलं असेल, तर रीसेटही अडू शकतं. क्लाउडसाठी चारेक जीबी डेटा जातो, तो जाऊ द्यावा.

पण माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरवला ती म्हणजे 'कीप माय फाइल्स' या शब्दांचा नेमका अर्थ. फायली राहतात, बाहेरून बसवलेला एकूण एक प्रोग्रॅम जातो. हे लपवलेलं नाही, आधी सांगितलं जातं, आणि नंतर डेस्कटॉपवर काढलेल्या प्रोग्रॅमची यादीही ठेवली जाते. ती यादी उघडली की नावं दिसतात, एकाखाली एक. लायसन्स की दिसत नाही, सेटिंग दिसत नाही, आणि तो प्रोग्रॅम घरात कोण वापरत होतं हेही दिसत नाही. एकट्याचा लॅपटॉप असेल तर हे संध्याकाळभराचं काम आहे. घरच्या लॅपटॉपवर मात्र प्रत्येकाचा एकेक कोपरा असतो आणि तो रिकामा झाल्याचं ज्याचं त्याला वेगवेगळ्या दिवशी कळतं. आईचा स्कॅनर चालेना, कारण त्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीने साइटवरून कधीच काढून टाकला होता. वडिलांच्या जुन्या पत्रांच्या फायली जागच्या जागी होत्या, पण ज्या फॉन्टमध्ये त्या टाइप केल्या होत्या तो गेला होता, त्यामुळे पानभर निरर्थक चिन्हं. फाइल सुरक्षित आहे आणि वाचता येत नाही, हे त्यांना कसं समजवायचं? ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले तेव्हा ते कुणाला पाठ नव्हते, आणि का असावेत?

आयएसओच्या वाटेने प्रोग्रॅम, ड्रायव्हर, फॉन्ट, सगळं जागेवर राहतं आणि विंडोजच्या स्वतःच्या फायली तेवढ्या नव्या येतात. माझ्याकडे दुसऱ्या लॅपटॉपवर हे केलं, तेव्हा घरात कुणाला काही बदलल्याचं जाणवलंही नाही. अडलेलं अपडेट त्यानंतर निमूट बसलं. दर वेळी असंच होईल असं मी म्हणणार नाही, पण पहिला प्रयत्न मी याचाच करेन.

याला अटी मात्र आहेत. निदान वीसेक जीबी जागा हवी. ३२ जीबी साठवणीच्या लहान लॅपटॉपवर बाहेरची ड्राइव्ह जोडून भागवावं लागतं. विंडोजचा प्रकारही तोच हवा: होम असेल तर होमच, प्रो असेल तर प्रोच. भाषेची अट सगळ्यात चकवणारी: विंडोज ब्रिटिश इंग्रजीत बसलेलं असेल आणि आयएसओ अमेरिकन इंग्रजीचं उतरवलं, तर प्रोग्रॅम राखण्याचा पर्यायच मिळत नाही. ब्रिटिशसाठी 'इंग्लिश इंटरनॅशनल' घ्यायचं असतं. वेगळा अँटिव्हायरस असेल तर तेवढ्यापुरता काढा. सेटअप सुरुवातीला अपडेट उतरवायचे का विचारतं, तिथे 'नॉट राइट नाऊ' म्हणा; जे अपडेट अडतंय तेच मध्ये आणायला नको. विंडोज ११ असेल तर हा खटाटोप लागत नाही. रिकव्हरीच्या पानावर 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' असा पर्याय २०२४ पासून आहे, तो हेच काम करतो.

मंद लॅपटॉप या वाटेने वेगवान होत नाही. आणि व्हायरसची शंका असेल तर विचारच करू नका, सगळं पुसून नव्याने बसवा. लॅपटॉपवर फक्त ब्राउझर चालत असेल तर रीसेटच सोपं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी २२एच२ ही आवृत्ती लागते. तुमचा लॅपटॉप त्याआधीच्या आवृत्तीवर अडकला असेल, तर २२एच२ चं आयएसओ दुरुस्ती आणि आवृत्तीबदल ही दोन्ही कामं एकदम करतं, हा माझ्या लेखी आणखी एक गुण.

कुठलीही वाट धरा, आधी फायलींची प्रत बाहेर काढा आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. आयएसओची वाट धरलीत तर 'इन्स्टॉल' दाबण्याआधीचा शेवटचा स्क्रीन शांतपणे वाचा. तिथे 'कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स' असं दिसलं तरच पुढे जा. 'अॅप्स' हा शब्द नसेल तर सेटअप बंद करून भाषा आणि प्रकार (होम की प्रो) पुन्हा तपासा. बसवून झाल्यावर जुनं विंडोज ज्यात ठेवलेलं असतं तो 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर लगेच पुसू नका. काही बिनसलं तर १० दिवसांपर्यंत त्याच्याच आधारे मागे जाता येतं.